तळगड चढलो, वाडी पाहिली



आपल्या वसाहतीत सहलीचा विषय निघाला की महाड, नागपूरची दीक्षाभूमी आणि कार्ल्याची लेणी ही तीन ठिकाणे ठरलेली असतात. यंदा आमच्या मंडळाच्या बैठकीत मी तळगडाचे नाव सुचवले, तेव्हा काही वेळ कोणीच बोलले नाही. शेवटी एक ज्येष्ठ बांधव म्हणाले, "अहो, गडावर आपले काय काम?"

त्यांचा राग मला आला नाही. कारण हाच प्रश्न माझ्या आजोबांनी माझ्या वडिलांना विचारला होता, आणि त्यामुळेच माझे वडील आयुष्यात कधी तळगडाच्या माथ्यावर गेले नाहीत.

आमचे मूळ गाव रायगड जिल्ह्यातील तळ्याच्या परिसरात आहे. तळा आता स्वतंत्र तालुका आहे. पूर्वी तो भाग माणगाव तालुक्यात होता, आणि १९८१ पर्यंत जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. बाजारपेठेच्या डोक्यावरच गड उभा आहे. आमच्या वाडीतून सकाळी दार उघडले की तोच समोर दिसतो. आबा (माझे वडील) आज ७८ वर्षांचे आहेत. लहानपणी ते याच डोंगराच्या उतारावर गवत कापायला जात. पहाटे निघायचे, पहिल्या सपाटीपर्यंत चढायचे, भारा बांधायचा, आणि उन्हे तापण्याआधी तो खोताच्या गोठ्यावर नेऊन टाकायचा. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. कायदा झाला तरी आबांच्या लहानपणी गवत खोताच्याच गोठ्यात पडत होते. एकदा आबांनी सपाटीवरून वर बघून विचारले, "वर काय हाय?" आजोबा म्हणाले, "वर आपलं काय काम? भारा उचल."

पुढे आबा सतराव्या वर्षी मुंबईला गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात नोकरी गेली. मग रात्रपाळीची वॉचमनकी केली, आम्हा भावंडांना शिकवले, मी बी.कॉम. होऊन कारकून झालो. आता ते आणि आई गावीच असतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आबा पडवीत बसून डोंगराकडे बघत मला म्हणाले, "वरून आपली वाडी दिसते का रं?" मला उत्तर देता आले नाही. चव्वेचाळीस वर्षांचा मी, दर मे महिन्यात गावी जाणारा, मीही कधी वर गेलो नव्हतो.

म्हणून हा बेत. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तीन कुटुंबे मिळून अकराजण निघालो. लहान मुले चार, त्यांत माझी नववीतली मुलगी. सर्वांत वडील म्हणजे शेजारच्या खोलीतल्या मावशी, वय ६१. मुंबईहून येणाऱ्यांसाठी सांगतो, मुंबई-गोवा महामार्गावरच्या इंदापूरला उतरावे आणि तिथून तळ्याची एस.टी. किंवा टमटम धरावी. आम्ही आदल्या रात्री वाडीतच मुक्काम केला. पहाटे आईने नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. माणशी दोन बाटल्या पाणी घ्या असे मी चार वेळा सांगितले होते. प्रत्यक्षात निम्म्यांनी एकच घेतली, आणि त्याचे प्रायश्चित्त पुढे सर्वांनी मिळून घेतले.

तळ्याच्या घरांमधूनच वाट वर निघते. सुरुवातीला शेण्या, लाकडाच्या मोळ्या, कोंबड्या, सकाळचा चुलीचा धूर. मग घरे संपतात आणि चढण एकदम छातीवर येते. गडाची उंची सुमारे हजार फूट. सह्याद्रीच्या मानाने हे काहीच नाही, परंतु डोंगर शेजारच्या डोंगरांपासून सुटा उभा आहे आणि वाट सरळ सोंडेवरून जाते, त्यामुळे दम घ्यायला फारशी जागा मिळत नाही. जानेवारीत गवत वाळून पिवळे झालेले असते. त्याच्याखाली मुरूम. चप्पल घातली असेल तर पाय हमखास घसरतो. आमच्यातले एक गृहस्थ नव्या चामडी बुटांत आले होते, ते तीनदा बसले. मावशी रबरी चपला हातात घेऊन अनवाणी चढल्या आणि एकदाही घसरल्या नाहीत. "अरे, गिरणीचा जिना मी तीस वर्षं चढले," त्या म्हणाल्या. गिरणीचा जिना आणि डोंगर यांचा काय संबंध हे मला कळले नाही, पण कोणी वाद घातला नाही.

अर्ध्यावर पहिली सपाटी लागते. गवतात पडक्या तटाचे दगड आहेत. मी तिथे थांबलो. हीच आबांची जागा. इथून खाली पाहिले तर बाजारपेठेची छपरे, शाळेचे मैदान, एस.टी. वळते ती जागा एवढेच दिसते. आमची वाडी दिसत नाही, मध्ये सोंड येते. म्हणजे आबांनी या सपाटीवरून शेकडो वेळा खाली पाहिले असेल, आणि त्यांना आपले घर एकदाही दिसले नसेल. मुलीला मी हे सांगितले. ती काही बोलली नाही. पाण्याची बाटली माझ्याकडे दिली आणि माझ्यापुढे चालू लागली.

सपाटीनंतर गडाची खरी हद्द सुरू होते. कातळात खोदलेल्या थोड्या पायऱ्या, दरवाजाची जागा, जवळच खडकात कोरलेला मारुती. आत गेल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी एका ओळीत आहेत. दोन टाक्यांत पाणी होते, वर शेवाळ. तहान लागली होती तरी मुलांना ते पिऊ दिले नाही. ज्याने ही टाकी खोदली त्या माणसाच्या हाताचे घट्टे कसे असतील, असे आमच्यातले गवंडीकाम करणारे बांधव बराच वेळ टाक्याच्या कडेवर हात फिरवत बोलत होते. छिन्नीची खूण कशी तिरपी पडली आहे, दगड कोणत्या अंगाने फोडला असेल, हे त्यांनी मुलांना दाखवले. गडांवर राजांचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. दगडाचा इतिहास सांगणारा आमच्यातच निघाला.

राजांचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले, त्यांत तळगड होता आणि समोरचा घोसाळगडही होता. एवढे किल्ले गेले असताना हे छोटे दोन का राखले असतील, हे खालून कळत नाही, वर आल्यावर कळते. १८१८ साली गड इंग्रजांच्या हाती गेला. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी. मराठ्यांच्या गडांभोवती खाली घेऱ्यात मेटे म्हणजे चौक्या असत, आणि त्या चौक्यांवर पहारा करणाऱ्यांत महार, रामोशी, कोळी अशा जातींची माणसे असत. बैठकीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी हे सांगितले, तेव्हा ते ज्येष्ठ बांधव (तेही आले होते) म्हणाले, "म्हणजे पहारा आपला आणि माथा दुसऱ्याचा!" यावर मी काय बोलणार?

माथा लांबट आणि अरुंद आहे. दोन्ही बाजूंना तट अजून बऱ्यापैकी उभे आहेत. टोकाला गेल्यावर वारा असा अंगावर आला की मुलांच्या टोप्या सांभाळाव्या लागल्या. आणि मग चारी बाजूंचा मुलूख एकदम उघडा झाला.

उत्तरेला घोसाळगड, भाताची रास करून ठेवावी तसा. पूर्वेला डोंगरांच्या एकामागे एक निळ्या ओळी, शेवटची ओळ सह्याद्रीची. वर गुरे घेऊन आलेल्या एका गावकऱ्याने बोट दाखवून "तो रायगड" असे सांगितले. धुके होते, मला ते डोके नीट वेगळे काढता आले नाही. पण त्या दिशेला रायगड आणि महाड आहे हे खरे. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेनंतर बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह रायगड पाहायला गेले होते. ज्येष्ठ बांधवांना मी ही आठवण करून दिली. ते हसले आणि पिशवीतून भाकरी काढून खायला बसले.

दक्षिणेला म्हसळा, श्रीवर्धनकडचे डोंगर. आणि पश्चिमेला पाणी. राजपुरीची खाडी समुद्रातून आत येत येत मांदाडपर्यंत पोहोचते. सकाळच्या उन्हात तिच्या फाट्यांतले पाणी पत्र्यासारखे चमकत होते, कडेला खारफुटीची काळी किनार. खाडीच्या तोंडाशी, समुद्राजवळ, जंजिरा. आता कळते की तळा आणि घोसाळा का राखले. खाडीतून येणारा माल आणि माणूस याच दोन डोंगरांच्या मधून घाटाकडे जाणार. इथे बसलेल्याला ते सर्व दिसणार.

मी मात्र वाडी शोधत होतो. पाच-दहा मिनिटे सापडेना. वरून सगळी गावे सारखीच दिसतात, झाडांचे पुंजके आणि लाल-निळी छपरे. शेवटी मुलीने ओळखले. विहारावर गेल्या वर्षी नवा पत्रा घातला आहे, तो उन्हात लकाकत होता. त्यावरून मग सगळे जुळले. ते देऊळ, ते तळे, त्याभोवती दाटीने गाव. मग ओढा. ओढ्याच्या पलीकडे, उताराच्या खालच्या अंगाला, आमची वाडी.

वाचकहो, मी त्या वाडीत वाढलो. ओढा ओलांडून शाळेत गेलो. आजीने पाण्यासाठी काय सोसले ते ऐकलेले आहे. हे सारे मला माहीत होते. तरी वरून पाहिले तेव्हा पोटात कसेसेच झाले. खाली असताना गाव आणि वाडी यांच्यामध्ये पाच मिनिटांची वाट आहे, एवढेच वाटते. वरून ती आखणी दिसते. कोणी तरी कागदावर रेघ मारून ठरवावे की इथपर्यंत गाव, आणि पाणी वाहून येईल त्या अंगाला हे लोक. मी कार्यालयात नकाशे हाताळतो, आखणी कशी असते ते मला कळते. शेजारच्या दोन गावांकडे पाहिले, तिथेही तेच. एकदा डोळ्यांना सवय झाली की न विचारता बोट ठेवता येते.

पण दुसरेही एक दिसले, ते सांगितले नाही तर खोटे होईल. ओढ्यावर आता पूल आहे आणि पुलाच्या दोन्ही अंगांना घरे झाली आहेत. वाडीकडची काही पुढे सरकली आहेत, गावाकडचीही दोन-चार. मधली मोकळी जागा आबांच्या लहानपणी जेवढी असेल तेवढी राहिलेली नाही. मुलीने विचारले, "बाबा, रेघ पुसत आली ना?" मी म्हणालो, "छपरांमधली पुसत आली." तिला ते कितपत कळले ठाऊक नाही. तिने मोबाइलवर फोटो काढला. फोटोत विहाराचा पत्रा म्हणजे एक पांढरा ठिपका आला आहे.

उतरताना पाणी संपले. मुले रडकुंडीला आली. मावशींनी कनवटीला आवळे बांधून आणले होते, ते वाटले. घसरण्याचे प्रमाण उतरताना दुप्पट होते हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. खाली पहिल्याच घरातील बाईंनी न विचारता कळशी आणि तांब्या बाहेर आणून ठेवला. आम्ही सर्वांनी त्याच तांब्याने पाणी प्यायले. ज्येष्ठ बांधवांनी तांब्या परत देताना त्यांना हात जोडले. त्या बाईंना बहुधा त्याचा अर्थ कळला नसेल. तहानलेल्या माणसांना पाणी दिले, एवढेच त्यांच्या लेखी झाले.

दुपारी टमटम करून मांदाडच्या रस्त्याने कुड्याला गेलो. वरून जी खाडी पाहिली तिच्याच काठच्या डोंगरात कुड्याची लेणी आहेत. एकूण २६, दोन पातळ्यांवर खोदलेली, समोर खाडीचे पाणी. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात या किनाऱ्यावरचे मंदागोरा नावाचे बंदर येते, ते हेच मांदाड असावे असे अनेक विद्वान मानतात. सकाळी गडावरून पाहिलेल्या वाटेने घाटावरचा माल इथे येत होता. या लेण्यांतला एक दाता लोखंडाचा व्यापारी आहे, कऱ्हाडचा. कऱ्हाडहून घाट उतरून तो या खाडीवर आला आणि भिक्खूंसाठी लेणे देऊन गेला.

शिलालेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. ते मला वाचता येत नाहीत. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख छापले, त्यावरून मी एका वहीत दात्यांची नावे उतरवून नेली होती. लेण्याच्या ओसरीत बसून मुलीने ती मोठ्याने वाचली. वैद्य सोमदेव. फुलांचे काम करणारा माळी. भिक्खुणी पदुमणिका, तिच्या शिष्या बोधी आणि असाळ्हमिता यांच्यासह. भयिला नावाची ब्राह्मण स्त्री, जिने चैत्यगृह दिले. आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचा दाता शिवभूती, महाभोज खंदपालिताच्या पदरी असलेला लेखक. लेखक म्हणजे गोष्टी लिहिणारा नव्हे, दफ्तर लिहिणारा. कारकून!

हे वाचून आमच्या मंडळींत हशा पिकला, आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी मात्र गंभीर झालो होतो. या शिवभूतीने बायको नंदा हिच्यासह हे दान दिले असे लेखात कोरले आहे. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने सहावे लेणे दिले, ज्याच्या दर्शनी भागी हत्ती आहे. तिथले कोरीव काम त्याची पत्नी विजया आणि मुलगे यांच्या नावे आहे आणि खांब त्याच्या मुलींच्या नावे. चार मुलींची नावे आहेत, सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. खुद्द महाभोजाची ओळखही आईच्या नावाने, विजयेचा पुत्र अशी दिली आहे. माझ्या कार्यालयात गेल्या महिन्यापर्यंत अर्जावर आईचे नाव लिहायची जागा कुठे आहे म्हणून भांडणे चालली होती.

खांबांवर कोळशाने लिहिलेली आणखीही नावे होती, बाण मारलेले बदाम होते. मावशींनी पदर ओला करून पुसायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवले, कारण लेणी संरक्षित आहेत आणि घासल्याने दगडाचे आणखी नुकसान होते. त्या रागावून म्हणाल्या, "मग लिहिणाऱ्याला कोण थांबवणार?" आमच्या मंडळाने पुरातत्त्व खात्याला पत्र पाठवायचे ठरवले आहे. पत्र अर्थात मीच लिहिणार.

संध्याकाळी वाडीत परतलो. आबा पडवीत बसलेलेच होते. बहुधा सकाळपासून. पाणी पिऊन होण्याआधीच विचारले, "दिसली का?"

मी म्हणालो, "दिसली. विहाराचा पत्रा चमकत होता, त्यावरून सापडली." मुलीने वहीचे मागचे पान फाडून त्यांना वरून दिसले तसे काढून दाखवले. देऊळ, तळे, गाव, ओढा, पूल, वाडी. फोटोपेक्षा तिचे चित्र बरे होते. आबांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ पाहिले. मग ओढ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो असा सरळ नाय जात. हितं उंबराजवळ वळतो. आणि आपला बांध कुठाय? तो तर काढलाच नाय तू."

तिने पेन्सिल त्यांच्या हातात दिली. गिरणीत साचा चालवलेला हात, आता थोडा कापतो. त्यांनी उंबर काढला, ओढ्याचे वळण काढले, मग आपला बांध, मग खोताच्या गोठ्याकडे जाणारी जुनी वाट, जी आता कुठेच नाही. आईने जेवायला दोनदा हाक मारली.